नावाडणीची खुर्ची

९ नोव्हेंबर, शनिवार

"चोर, पोरी, वाटेल तिथून चोर! पण ज्याचं चोरशील त्याला टेबलाशी खुर्ची दे."

ऑर्विल काका असं म्हणाले तेव्हा मी बारा वर्षांची होते. शेजारच्या त्यांच्या घराच्या तळघरात ते आम्हा पोरांचा खेळ चालवायचे. फासे, हाताने काढलेले नकाशे, आणि आमच्यातलं कोणी दरोडेखोर, कोणी चेटकीण. एवढं सगळं सुचतं कुठून, असं मी विचारलं होतं. त्यावर हे उत्तर.

आज सकाळपासून तेच डोक्यात आहे, कारण सुचत नाहीये! पुढच्या शनिवारी हिवाळ्याचा नवा खेळ सुरू करायचा. आता तळघर माझ्या घरचं, खेळ चालवणारी मी. भिडू येऊन बसतील, 'समोर काय दिसतंय?' विचारतील, आणि माझ्याकडे दाखवायला एक गावसुद्धा नाही.

काकांचं मी ऐकत आले. ड्वाइट खाटकाचं हसू चोरून एका राक्षसाला दिलं, मग ड्वाइटलाच बोलावलं. राक्षसाचं हसणं ऐकून म्हणाला, "कोण हे गाढव?" तेव्हापासून दर शनिवारी येतो, सॉसेज घेऊन.

फक्त माझ्या बहिणीच्या, टेसच्या बाबतीत जमलं नाही. ती वारल्यावर मी तिची नावाडीण केली. खेळात कोणालाही तळं ओलांडायचं असलं की हिच्याच नावेतून. भाडं म्हणजे एक विनोद. हिला हसू आलं नाही तर पोहत जा! आवाज टेसचा, आगाऊपणा टेसचा. तिला खुर्चीवर कशी बसवणार? म्हणून एक खुर्ची रिकामी ठेवते. मार्नी तिच्यावर कोट टाकते. मी तो उचलून खुंटीला लावते. दर शनिवारी हेच. मार्नी आधी टेसची मैत्रीण, शाळेपासूनची. टेसनंतर माझी झाली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

गावभर भटकले. सुचत नसलं की घरात बसायचं नाही, हेही काकांचंच. हार्डवेअरच्या दुकानात बेवारस किल्ल्यांचा डबा आहे, त्यातल्या मूठभर मागून आणल्या. तळ्याला काठाकाठाने साय धरलीय. उभी राहून ऐकलं. बर्फ आतून कण्हतो — म्हाताऱ्याने कूस बदलावी तसा.

बर्फाखाली एक दार? किल्ल्या आहेत, दार आहे. पलीकडे कोण राहतं ते काही दिसेना.

१४ नोव्हेंबर, गुरुवार



खेळांच्या दुकानात गेले होते, खेळातल्या पात्रांच्या इवल्या बाहुल्या बघायला. एखाद्या बाहुलीच्या चेहऱ्यावरूनही कधी गोष्ट सुटते. मागच्या खोलीत कुठलासा खेळ चालू होता, पडद्याआड. आणि ऐकू आलं—

"पाय आत घे रे शहाण्या! मासे उपाशी आहेत, आणि तुझी बोटं सॉसेजसारखी दिसतायत!"

माझ्या नावाडणीचं, म्हणजे टेसचं वाक्य. शब्द न् शब्द. शब्दांच्या शेवटाला ती द्यायची तो हेलसुद्धा.

पडदा सारून पाहिलं. मार्नी! पुठ्ठ्याच्या आडोशामागे, खेळ चालवणाऱ्याच्या जागी. समोर सगळे अनोळखी, पोट धरून हसत होते. माझ्या बहिणीला हसत होते. मार्नीने वर पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मी बाहेर पडले. बाहुली हातातच राहिली, ती परत द्यायला पुन्हा आत जावं लागलं. तेवढी अब्रूही शिल्लक राहिली नाही.

१५ नोव्हेंबर

मासे तळले. ग्लेन म्हणाला, "मीठ दोनदा पडलंय गं." नवऱ्याला एवढंच कळलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मार्नी सगळ्यांच्या आधी आली. मी तिला दारातच उभं केलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

म्हणजे तेव्हापासून दर शनिवारी माझ्यासमोर बसून माझे बटाटे खात होती, आणि गुरुवारी—

"कोरीन, सगळेच एकमेकांचं उचलतात. तूच सांगतेस ना, चोर वाटेल तिथून?"

"आणि पुढचं? माझी खुर्ची कुठे होती तिथे?"

ती म्हणाली, "तुला बोलावलं असतं तर तू नावाडणीला घरी घेऊन गेली असतीस."

घरी घेऊन गेली असतीस! जशी काही मीच उचलून नेणारी! म्हटलं, यापुढे येऊ नकोस. ती गेली. खाली आले तर ती खुर्ची रिकामी, कोटाशिवाय. इतकी वर्षं मला तेच हवं होतं. बघवेना.

२३ नोव्हेंबर, शनिवार

ठरवलं होतं, नावाडणीला आज मारायचं. माझीच ती. मीच बुडवीन, म्हणजे ती कुणाचीच उरणार नाही. वादळ आणलं. नाव कलली. भिडू ओरडले, "तिला धरा, तिला धरा!" आडोशामागे मी फासा टाकला. फासा म्हणाला, ती मेली.

मी सांगितलं, वाचली. फाशाशी खोटं बोलले. असं कधी केलं नव्हतं.

१ डिसेंबर, रविवार

चर्चमधून निघताना ड्वाइटने गाठलं. टोपी हातात, नजर बुटांवर.

"एक सांगायचंय. मी पण जातो. गुरुवारी."

"तू पण!"

"मार्नीने बोलावलं गं. माझं हसू तिने पण चोरलंय, मग खुर्ची दिली." मोठ्याने हसायला गेला, माझं तोंड पाहून आवरलं. "ओरड हवं तर. पण आधी ऐक. तिच्या खेळात नावाडणीने नाव विकली."

"काय?"

"कधीच विकली. टेकडीवर बेकरी काढलीय. केस पिकलेत. गुडघ्यांवरून शिव्या घालते, देवालासुद्धा. ते 'पाय आत घे' वगैरे असतं ना, ते ती जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगते तेव्हाचं."

घरी येऊन कोट न काढताच बसून राहिले. माझ्या खेळात टेस चौतिशीचीच आहे. गेली तेव्हा होती तेवढीच. मी तिला एकदाही नावेतून उतरू दिलं नाही. कोणी विचारलंही नाही आणि मला सुचलंही नाही. सुचायचं कसं! मी सगळं गाव धुंडाळत होते, नावाडणीकडे पाठ करून.

राग मात्र गेलेला नाही. तिच्या पिकल्या केसांची बातमी मला खाटकाकडून कळावी!

३ डिसेंबर, मंगळवार

फोन केला. भांडायलाच केला होता.

"तिला म्हातारी करायचा हक्क तुला कोणी दिला?"

मार्नी म्हणाली, "टेकडीवरची बेकरी मी मनाने रचलेली नाही, कोरीन. ते आमचं ठरलं होतं. घरसुद्धा बघून ठेवलं होतं."

"आमचं म्हणजे?"

"तुझी ती बहीण होती. माझी कोण होती, हे तू कधी विचारलंच नाहीस."

तिनेच फोन ठेवला.

तिचा कोट. त्याच खुर्चीवर. दर शनिवारी. आणि मी तो उचलून खुंटीला लावत होते.

तरीही सांगायला हवं होतं. दोघींनीही. मला, सख्ख्या बहिणीला! टेस, तूसुद्धा? कोणावर रागवावं हेच आता समजेना.

१० डिसेंबर, मंगळवार

तळं पूर्ण गोठलं. मार्नीला निरोप पाठवायचाय, तो आधी इथे लिहून बघते:

गुरुवारी तुझ्या टेबलाशी एक खुर्ची देशील? फासे नकोत, नाव नको. तिच्या बेकरीत पाव घ्यायला आलेली कोणी बाई होईन मी. तिच्याशी बोलणारसुद्धा नाही. नुसतं बघू दे, म्हातारी कशी दिसते ती.

मार्नी नाही म्हणेल. तिच्या जागी मी असते तर नाहीच म्हटलं असतं.