जुळत नाही, असं तू लिहिलंस

प्रिय धाकटे,

तुझं सामान परवा पोचलं. लोकरीचा कोट एक, शाली दोन, ते जुनं सूक्ष्मदर्शक, आणि पायमोज्यात गुंडाळलेलं सोन्याचं पदक. भाडं तू भरलंच होतंस, हमालाला मात्र मी घासाघीस करून निम्म्यावर आणलं. तो गेला आणि घडी घालायला मी कोट हातात घेतला. थंडी तोंडावर आलेली असताना लोकरीचा कोट कोण पाठवून देतं गं? ज्याला हिवाळा बघायचा नाही, तोच ना?

तुझी दोन्ही मूत्रपिंडं गेली हे कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दिवसाआड यंत्रावर रक्त धुऊन घेतेस, तेही आता सोसत नाही म्हणतेस. माझं एक घे म्हणून मी तुझ्याच इस्पितळात रक्त तपासायला देऊन आले, तर तुझं दोन ओळींचं उत्तर आलं: जुळत नाही. देवापुढे बसून रडले, भांडलेसुद्धा. हिने परक्या माणसांची शरीरं एकमेकांशी जुळवून दिली आणि हिच्याच वेळी तुला बरं हे सुचलं, असं तोंडावर म्हटलं त्याला.

पदक पुसताना तुझी पहिली नोकरी आठवली. ते तळघर, उंदरांचे पिंजरे, तो वास. मी डबा घेऊन यायची ती नाक दाबूनच. एका शरीराने दुसऱ्याची कातडी का झिडकारावी, हा एकच ध्यास. 'ताई, शरीराला आपलं आणि परकं कसं कळतं, तेवढंच शोधायचंय,' म्हणायचीस. मी म्हणायची, नव्या सुनेला विचार, ती पहिल्याच दिवशी सांगेल.

पुढे माणसावर करून बघायची वेळ आली तेव्हा तू स्वतःचाच दंड पुढे केलास. सोबत्यांनी कातडीचे तुकडे दिले, मीही दिला नखाएवढा. परकी कातडी झिडकारली जाऊ नये म्हणून काढलेलं नवं औषध थोडंसंच होतं, ते तू मायेने माझ्याच तुकड्याला लावलंस. बाकीच्यांचे काळे पडून गळाले, माझा कितीतरी जास्त टिकला. हा औषधाचाच गुण, असं मोठ्या सभेत सांगून टाळ्या घेऊन आलीस. पुढच्या वर्षी उलटं करून पाहिलंस. तुझी कातडी माझ्या दंडावर, औषधाचा थेंब नाही, तरी तितकीच टिकली. म्हणजे गुण औषधाचा नव्हता, आपल्या नात्याचा होता. दुसरी असती तर गप्प बसली असती. तू त्याच सभेत उभी राहून 'मी चुकले' म्हणालीस. लोक हसले, बढती गेली, पुन्हा तेच तळघर. पण कोणाचं कोणाशी जुळेल हे रक्तावरून आधीच ओळखायची परीक्षा तू त्या चुकीतूनच काढलीस. आज देशोदेशीच्या इस्पितळांत तीच करतात.

घरचं म्हणशील तर यांची उजवी बाजू अजून लुळीच आहे. सून उठवते, भरवते, वर भांडतेही, त्यामुळे यांना करमतं.

आता खरं कारण लिहिते. काल तुझा विद्यार्थी, तुझ्यावर शस्त्रक्रिया करणार होता तो डॉक्टर, वाट वाकडी करून घरी आला. पाणीसुद्धा घेईना. शेवटी खाली मान घालून म्हणाला, 'मावशी, सगळं जुळतंय. बाईंनी सांगू दिलं नाही. काकांना तुमच्याशिवाय कोण आहे, म्हणाल्या.' अगं, भर सभेत आपली चूक सांगणारी तू, आणि जन्मात एकदा खोटा निकाल लिहिलास तो मला? यांना सांगितलं तर म्हणाले, 'जा की. मी कुठे पळून जातोय?' जोखीम डॉक्टरांनी समजावली आहे. भीती वाटते, नाही कशी वाटणार. पण आईबाबा गेल्यावर मला ताई म्हणणारी तू एकटीच उरलीस. तूही गेलीस तर मी कोणाची थोरली? तुझ्या होकाराशिवाय तो शस्त्राला हात लावणार नाही. मोठी असून तुझ्या पाया पडते. उलट टपाली एकच शब्द लिही: ये.

तुझीच,
ताई