हयात असल्याबद्दल

दि. ३ जून

चि. टिल्ल्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. अक्षर माझंच आहे आणि मी जिवंत आहे. असलं वाक्य आजवर कुठल्या पत्रात लिहावं लागलं नव्हतं, पण सरकारने ती वेळ आणली. काल बेवारस रकमांच्या कार्यालयाचा लिफाफा आला. बाबा ज्या कारखान्यात क्रेन चालवायचे तो बंद पडला, तेव्हा त्यांच्या नावावर राहिलेली रक्कम इतकी वर्षं सरकारकडे पडून होती म्हणे, आणि तू ती मिळावी म्हणून अर्ज केला आहेस. चांगलं केलंस, बाबांच्या घामाचा पैसा आहे तो. पण वारसांच्या रकान्यात माझ्या नावापुढे मयत असं लिहिलं आहे. कार्यालयाने पडताळणी केली तर मी कर भरताना सापडले. आता ते मलाच विचारतात, की आपण मयत असल्याचे अर्जदाराने कळवले आहे, हे बरोबर किंवा कसे ते लेखी कळवावे. बरोबर असल्यास मी कसं कळवायचं, ते मात्र लिहिलेलं नाही.

आधी मी हसत सुटले. दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवते मी, हातात कोणाची तरी वरची कवळी होती, ती पडता पडता वाचली. शेजारच्या टेबलावरच्या बाईने काय झालं म्हणून विचारलं. सांगायला तोंड उघडलं आणि हसू कुठल्या कुठे गेलं. सख्ख्या भावाने मला कागदावर मारून टाकलं, हे बाहेरच्या माणसाला कसं सांगायचं? शेवटी डोळ्यात प्लास्टरची पूड गेली म्हणाले.

घर सोडून हे काम शिकायला निघाले तेव्हा बाबांनी माझं नाव टाकलं. ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. ते वारल्याचं तू कळवलं नाहीस, मला परक्याकडून कळलं, तेही गिळलं. हे मात्र घशाखाली उतरत नाही. काय ते सरळ लिही.

तुझी हयात,
ताई


दि. ९ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या टिल्ल्याची मुलगी. औषधांच्या दुकानात काम करते. तुमचं पत्र बाबांच्या नावाचं होतं, पण त्यांनी ते वाचून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि आपल्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात जाऊन नुसतेच कुलपं उघडत-लावत बसले. गिऱ्हाईक नसतानाही कानशीचा आवाज येत होता.

आत्या, तो शब्द मी लिहिला. सरकारने प्रसिद्ध केलेल्या यादीत आजोबांचं नाव मलाच सापडलं, बाबांच्या नावाने अर्जही मीच भरला. कसं सांगू, लाजेने मान वर होत नाही. लहानपणी मी आईला विचारायचे, की बाबांना बहीण नाही का. आई म्हणायची, होती, ती गेली. आजोबांसमोर विषय काढला की ते ताटावरून उठायचे. गेली म्हटल्यावर आणि घर असं गप्प झाल्यावर लहान मूल काय समजणार? शाळेत मैत्रिणींना मी सांगत असे की माझी आत्या वारली. एकदा तुमच्यासाठी मनापासून रडलेही आहे, आणि खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मैत्रिणींनी दिलेल्या लिमलेटच्या गोळ्याही खाल्ल्या.

अर्ज भरताना बाबा किल्ली घासत होते. मी विचारलं, आत्या गेलेली आहे ना. ते गेली म्हणाले आणि मान खालीच ठेवली. त्यांच्या मनात तुम्ही घर सोडून गेलात असं असणार, माझ्या मनात दुसरंच होतं. एवढ्याशा शब्दाने हा घोटाळा केला. त्यांच्यावर रागावू नका, चूक माझी आहे. तुम्ही आहात हे कळल्यापासून मला आनंद झाला आहे, पण तो कोणत्या तोंडाने दाखवू ते कळत नाही.

तुमची,
न पाहिलेली भाची


दि. १५ जून

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

आधी ते अहो-जाहो बंद कर. जिच्या नावाने गोळ्या खाल्ल्यास तिला तू म्हणायला हरकत नाही. तुझ्यावर माझा काडीइतकाही राग नाही. जे कानावर पडलं ते तू धरून चाललीस. उलट माझ्यासाठी त्या घरात कोणीतरी रडलं हे ऐकून बरं वाटलं. पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा शेजारणीला वाचून दाखवलं.

काल कार्यालयात जाऊन आले. लांबलचक दालन आहे, एका भिंतीला खुर्च्या, समोर काचेच्या खिडक्या. खिडकीतल्या साहेबांना म्हटलं, ही मी, जिवंत, बघून घ्या. ते भले गृहस्थ आहेत, पण म्हणाले की नुसतं तुमच्या म्हणण्यावर भागत नाही. अर्जदाराने प्रतिज्ञेवर सांगितलं आहे, तेव्हा त्यानेच समोर येऊन ही माझी बहीण, ही हयात आहे, असं सांगायला हवं. तू मला पाहिलेलं नाहीस, तेव्हा तुझा उपयोग नाही. आई-बाबा नाहीत. म्हणजे या जगात मला ओळखणारं माझ्या रक्ताचं एकच माणूस उरलं, आणि ते पत्राला उत्तरही देत नाही. त्याला सांग, की ताईने बोलावलं आहे. शब्दाचा घोटाळा झाला असेल तर तोंडाने निस्तरायला काय जातं?

तुझी,
आत्या


दि. २४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहायला बसलो आणि उठलो असं बरेच दिवस चाललं आहे. पोर मला सांभाळून घेते आहे. शब्दाचा घोटाळा तिचा झाला, माझा नाही. ती काय विचारते आहे ते मला पुरतं कळलं होतं. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग आत्या कुठे आहे. आणि मग इतकी वर्षं तिच्याशी का बोलला नाहीत. बाबांच्या धाकाने गप्प होतो असं सांगता आलं असतं, पण बाबा जाऊनही किती काळ लोटला. म्हणून गेली म्हणालो आणि किल्ली घासत राहिलो. ती किल्लीही बिघडली.

माझ्याने तिथे येववणार नाही. तुझ्यासमोर उभं राहायचं धाडस नाही. अर्ज मागे घेतो, किंवा सगळी रक्कम तू घे. माझ्याकडून तेवढं तरी होऊ दे.

तुझा,
टिल्ल्या


दि. २८ जून

चि. टिल्ल्यास,
अनेक आशीर्वाद.

खरं लिहिलंस म्हणून उत्तर देते आहे. रकमेचं मला काय सांगतोस? माझ्या पोटापुरते दात लोकांचे पडतच असतात. मला पैसा नको, मला जिवंत व्हायचं आहे आणि तेही तुझ्या तोंडून. पोरीसमोर एका शब्दात मारलंस, आता परक्या माणसासमोर एका वाक्यात उठव. लाज वाटते आहे ना? मग लाज घेऊनच ये. ती घरी ठेवून आलास तर मी तुला खिडकीपाशी उभंही करणार नाही.

गुरुवारी सकाळी. न आलास तर यापुढे मला पत्र लिहू नकोस, मेलेल्या माणसाला टपाल पोचत नसतं.

तुझी,
ताई


दि. ६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुरुवारपासून माझं कामात लक्ष नाही. जे घडलं ते तू पाहिलंसच, तरी माझ्या बाजूने लिहितो, नाहीतर ते आत कुजत राहील.

दालनात शिरलो आणि सगळ्या खुर्च्यांवर तुला शोधलं. शोधत होतो ती लांब केसांची, तरातरा चालणारी ताई. एका रिकाम्या खुर्चीवर कोणाची तरी पिशवी होती. शेजारच्या पांढऱ्या केसांच्या बाईंना म्हणालो, की बाई, एवढी पिशवी उचलता का. तू ती उचललीस, काही बोलली नाहीस. मी तुझ्या शेजारी बसून तू कधी येतेस म्हणून दाराकडे बघत राहिलो. नाव पुकारलं आणि तू उठलीस, तेव्हा मला कळलं.

खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, यांना ओळखता का. ताई, खोटं मी एका शब्दात बोललो होतो, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली. ज्या बाईला मी आत्ताच पिशवी उचलायला सांगितली तिला ओळखतो म्हणून शपथेवर कसं सांगू? साहेबांनी पुन्हा विचारलं. मागची रांग कुजबुजायला लागली. मी रडायला लागलो, एवढा घोडा झालेला माणूस, भर कार्यालयात. मग तू माझ्याकडे वळून म्हणालीस, की आधी नाक पूस, साहेब थांबलेत. असं मला दुसरं कोणी बोलत नाही. बायकोही बोलत नाही. मी नाक पुसलं आणि साहेबांना सांगितलं, की ही माझी थोरली बहीण आहे आणि ही हयात आहे. त्यांनी विचारलं, खात्री आहे का. मी म्हणालो, तुम्ही ऐकलंत ना आत्ता. ते हसले आणि त्यांनी शिक्का मारला.

बाहेर पायऱ्यांवर तू थोडी थांबलीस. मी काही म्हणेन म्हणून थांबली होतीस, ते मला कळलं. मी बसची वेळ विचारली. घरी चल म्हणालो नाही. पैशाचं, कामाचं कारण नव्हतं. घरात तुझा एकही फोटो नाही. बाबांनी काढले आणि मी ते परत लावले नाहीत. आलीस तर तुला ते आल्याआल्या दिसणार, आणि तू काही बोलणार नाहीस, पिशवी उचललीस तशी.

आता लिहितो. घरी ये, ताई. भिंत रिकामी आहे, ती बघायलाच ये. लोभ मागायचं मला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
टिल्ल्या