वाशीत अकोल्याचा गारवा

७ एप्रिल १९८५, रविवार
निश्चय झाला. आईला कायमची इथे आणायची. बाबा गेल्यापासून ती अकोल्याला धाकट्या दिलीपकडे आहे. थोरला मी, आणि आई धाकट्याकडे. लोक तोंडावर बोलत नाहीत, एवढंच. आईची अट एकच: एक उन्हाळा राहून बघते. मानवलं तर कायमची, नाही तर परत दिलीपकडे.

म्हणजे प्रश्न फक्त गारव्याचा. आपला फ्लॅट वरच्या मजल्यावर, दुपारी स्लॅब तव्यासारखा तापतो. वैजयंती म्हणाली, "अहो, खिडक्या उघड्या टाका की. दुपारी खाडीवरून काय वारा येतो!" तिला सांगितलं, तू गुहागरची, उन्हाळा म्हणजे काय ते आम्हा अकोलेकरांना विचार. आमच्याकडे सकाळीच खिडक्या-दारं बंद, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, ताट्यांवर पाणी. बाहेर माणसं भाजून निघतात आणि आत घर गारेगार. पिढ्यान्‌पिढ्यांचं शास्त्र आहे. कोकणात नुसती झाडं आहेत.

१४ एप्रिल, रविवार
दादरहून वाळ्याच्या ताट्या आणल्या. बसमध्ये कंडक्टरनं तिकिटापेक्षा जास्त कटकट केली. हॉलच्या पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला एक, बेडरूमला एक. पावणे एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीशेजारच्या वर्कशॉपमधून पत्र्याचा कूलर बनवून घेतला, अकोला पॅटर्न. वर्कशॉपवाल्यानं विचारलं, ये भट्टी है क्या? दुर्लक्ष केलं.

२१ एप्रिल, रविवार
ट्रायल. सगळं बंद, ताट्या भिजवल्या, कूलर फुल. लॅबमधून आणलेला थर्मामीटर चौतीसवरून एकतीसवर! विजय!!

स्मिता म्हणाली, बाबा, अंगाला सगळं चिकटतंय. चौथीतल्या मुलीला सायन्स काय कळणार. वैजयंतीनं काड्यापेटीतल्या निम्म्या काड्या ओढल्या, एक पेटेना. काड्यापेटीची कंपनी बदलायला सांगितली. खालच्या मजल्यावरचा विलास डोकावून गेला. म्हणे, श्यामसुंदर, इथे हवेतच पाणी आहे, अजून कशाला घालतोस? हा गिरगावातून आलेला माणूस. पंख्याखाली बसून "काय उकडतंय" म्हणण्यात ह्यांचा जन्म गेला. करणार मात्र काही नाही.

घाम येतो हे खरं. पण थर्मामीटर खोटं बोलत नाही. घाम हा सवयीचा भाग आहे.

१ मे, बुधवार
आई आली. कल्याणला उतरवून घेतलं. दारातून आत येताच ताट्यांकडे बघून थांबली. म्हणाली, "काय रे बाप्पा शाम्या, अकोलाच उचलून आनलं काय?" माझे डोळे भरून आले. वैजयंतीकडे मुद्दाम बघितलं. ती चहा करायला गेली.

६ मे, सोमवार
आजपासून घर सांभाळून ऑफिस. जाताना वैजयंतीला नियम पुन्हा सांगितले. खिडकी उघडायची नाही, ताटी सुकू द्यायची नाही. संध्याकाळी आलो तर आई प्रसन्न. गालावर तजेला. "लय गार वाटते रे तुया घरात. दुपारी तं डोळाच लागला." वैजयंती भाजी चिरत राहिली. बोलणार काय?

९ मे, गुरुवार
आई खुशीत. अकोल्याहून रवा घेऊन आलीय, शेवया वळतेय. हॉलच्या खिडकीच्या गजाला सुतळी बांधलेली दिसली. विचारलं तर आई म्हणाली, असू दे, काडी अडकवायला. बंद खिडकीत शेवया वाळतात! कूलरची ही बाजू माझ्याही लक्षात आली नव्हती.

आजचा पेपर मात्र पलंगाखाली सापडला, एकेक पान वेगळं. स्मिताला शिस्त नाही. ओरडलो. ती आईकडे बघून हसली. लाड.

१३ मे, सोमवार
जिन्यात विलास भेटला. मुद्दाम थांबवून सांगितलं, आई म्हणते घर अकोल्यापेक्षा गार. तो म्हणाला, हो, दुपारी तुमचा पडदा खिडकीबाहेर मस्त फडफडत असतो. दुसऱ्या कोणाचा तरी फ्लॅट बघितला असणार. चष्म्याचा नंबर वाढलाय त्याचा, पण कबूल करणार नाही.

१७ मे, शुक्रवार
जिंकलो! जेवताना आईनं स्वतःहून विषय काढला. म्हणाली, "मी आता इथंच राहीन म्हन्ते. दिलीपले सांग, देव पाठवून दे." देव म्हणजे बाबांच्या वेळचे पितळी देव. आईचे देव जिथे, तिथे आई. मला ठसका लागला. वैजयंतीनं पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. तिचेही डोळे ओले होते. शेवटी मान्य करावंच लागलं तिला.

अशा वेळी मुलानं काय करावं? ठरलं. तीन आठवड्यांची रजा टाकतो. जन्मभर नोकरीच केली, आईजवळ बसलोच नाही. आता ऑफिसच्या वेळातही कूलर जातीनं बघणार. ही बातमी सांगितली तेव्हा दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आनंद असा बोलता येत नाही.

२० मे, सोमवार
रजेचा पहिला दिवस. सकाळपासून सगळं बंद. ताट्यांवर दर अर्ध्या तासाला स्वतः पाणी. थर्मामीटर साडेतीस, रेकॉर्ड!

वैजयंतीनं दुपारी तीनदा विचारलं, ऑफिसात एकदा चक्कर मारून यायची नाही का? नवरा घरात असला की बायकांना खपत नाही.

आई दोनदा गच्चीच्या जिन्यात जाऊन बसली. उन्हातनं सांभाळून आत आणली.

२२ मे, बुधवार
आईच्या शेवयांना बुरशी. अख्खा डबा गेला. आईनं डबा धुऊन पालथा घातला. रव्यातच खोट असणार, अकोल्याचा दुकानदार पहिल्यापासून लबाड.

दुपारी आई दिसेना. खाली विलासच्या बायकोकडे, जयमालावहिनींकडे जाऊन खिडकीत बसली होती. वर घेऊन आलो. आपल्या घरात एवढी सोय केलेली असताना आईनं दुसऱ्याच्या घरात बसावं, हे बरं दिसत नाही. तसं तिला सांगितलंही. "बरं बावा," म्हणाली.

२४ मे, शुक्रवार
आईला बरं वाटत नाहीये. जेवली नाही. पदरानं सारखी मान पुसते. अंगावर पुरळ आलंय. प्रवासाचा शीण. आता माघार घ्यायची नाही. बेडरूमची ताटी काढून हॉलच्या ताटीवर लावली, डबल. खिडकीच्या फटीत जुनी चादर कोंबली.

वैजयंती म्हणाली, आजच्या दिवस तरी खिडकी उघडा, आईंसाठी. मी म्हणालो, आईसाठीच तर बंद ठेवलीय. ती आत गेली आणि भांडी आपटायला लागली. आपट म्हणावं.

२७ मे, सोमवार
आईनं मला जवळ बसवलं. माझ्या डोक्यावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "शाम्या, मले अकोल्याले नेऊन घाल. दिलीपच्या पोराची लय याद येते."

मी विचारलं, आई, काही कमी पडलं का? म्हणाली, "नाही रे बाप्पा. कोन करते एवढं आईसाठी." मग परत का? तर पुन्हा नातवाची आठवण. दहा दिवसांपूर्वी देव मागवत होती! माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही. की दिलीपनं काही कळवलं? त्याला पहिल्यापासून माझं चांगलं बघवत नाही.

१ जून, शनिवार
आईला कल्याणला गाडीत बसवून दिलं. सोबत दिलीपचा मेहुणा होता. खिडकीशी बसली, गाडी हलली, वारा लागला, तशी डोळे मिटून टेकून बसली. माझ्याकडे बघून हात हलवायचा राहिला तिचा. दमली असेल.

अकोल्याला सध्या पंचेचाळीस आहे. आणि इथला एकतीस सोडून गेली. ह्याला काय म्हणायचं?

२ जून, रविवार
जेवताना म्हणालो, अजून दोन ताट्या लावल्या असत्या तर आई थांबली असती.

वैजयंतीनं लाटणं खाली ठेवलं. आणि सगळं सांगितलं.

मी सकाळी कंपनीच्या बसला गेलो की आई स्वतः उठून ताटी गुंडाळायची. कूलर बंद. खिडकी सताड. दुपारी खाडीचा वारा सुटला की खिडकीत बसून शेवया वळायची, गाणी म्हणायची, तिथेच लवंडायची. माझी बस यायच्या आधी स्मिता गॅलरीतून बघत राहायची. बस दिसली की ताटी खाली, वरनं दोन तांबे पाणी. पहिल्याच दिवशी आईनं वैजयंतीला बजावलं होतं, "त्यानं एवढ्या हौशीनं केलं, त्याचं मन नोको मोडू." त्या वाऱ्याच्या भरवशावर तर ती देव मागवत होती. आणि मग मी रजा काढली.

मी चिडलो. म्हणालो, हे मला आधी सांगायला काय झालं होतं? ती म्हणाली, एप्रिलपासून दुसरं काय सांगतेय?

ह्यावर उत्तर आहे. तत्त्व म्हणून ताटी चूक नाहीच. अकोल्यात येऊन बघा म्हणावं. चूक असलीच तर वाशीच्या हवेची आहे. हे विलासला चार शब्दांत सुनावणार होतो. पण जिना उतरलो नाही.

चार वाजता दोन्ही ताट्या काढल्या. मीच. फटीतली चादर ओढून काढली, खिडकी उघडली. वारा आला. थर्मामीटर तेहतीस, आणि अंगावरचा घाम वाळला. आई बसायची तिथे बसलो. गजाला तिची सुतळी अजून तशीच आहे. सोडवावी असं वाटलं नाही.

रजा शनिवारपर्यंत आहे. उद्यापासून कामावर जातो.