डॉक्टर काय म्हणाले होते

बाबा, तू गेलास तेव्हा मी अकरावीत होते. आता पांढरकवड्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे.

झरीच्या रानात तेंदूपत्ता तोडताना तुला साप चावला. शहरातल्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तू उठून बसलास, थोडी पेज घेतलीस. लघवी नीट होत नव्हती, पाय सुजलेला होता, पण तू बोलत होतास, म्हणून आम्हाला वाटलं, वाचलास. संध्याकाळी मोठे डॉक्टर आले, तुझे कागद पाहून सोबतच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "ही इज नॉट आऊट ऑफ द वूड्स येट," आणि पुढच्या खाटेकडे वळले. तू माझ्याकडे पाहतोस. घरात इंग्रजी शिकलेली मी एकटीच.

"काय म्हन्ते तो?"

वूड्स म्हणजे जंगल, एवढं मला येत होतं. माझे कान तापले. "हा मानूस अजून जंगलातून बाहेर नाही आला, असं म्हन्ते."

तू सलाईनची नळी ओढतोस. "मंग आपल्या जंगलातच जातो. इथं कायले राहू?" आई हात धरते, नर्स ओरडते, "काका, जिवावर बेतेल!" आपल्या जबाबदारीवर घरी जातो, अशा कागदावर तू अंगठा उठवतोस. मी अडवलं नाही. मला तुझा अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी घरी तुला धाप लागली. जीप मिळेपर्यंत दुपार झाली. पांढरकवडा यायच्या आधीच, आईच्या मांडीवर, तू गेलास.

बी.ए.ला असताना ग्रंथालयात इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक चाळत होते. त्यात ते वाक्य निघालं. अर्थ एका ओळीचा: धोका अजून टळलेला नाही. मी तास सोडून घरी आले. "काहून आली लवकर?" आईनं विचारलं. डोकं दुखतंय, म्हटलं.

मागच्या महिन्यात आई चक्कर येऊन पडली. दवाखान्यात चल म्हटलं, तर खाटेची कड धरून बसली. "माह्या मानसाले जंगली म्हन्नारे लोक ते. मी मरन पन तिथं नाही येनार." मी हात जोडले, रडले, तरी खरं काय ते बोलले नाही. ती आली नाही.

तिला वाचता येत नाही, म्हणून हा कागद मीच वाचून दाखवावा, असं सकाळपासून मनात आहे. ती बाहेर ओट्यावर बसली आहे, तिची दोनदा हाक येऊन गेली. मी अजून आतच आहे.