टाकीत घातलेला गूळ

आबा,

संयोगिताचा पाया पडून नमस्कार. मी बरी हाय, वेळेवर जेवते. फोन गेटवर काढून घेत्यात, म्हणून हे पत्र डेअरीच्या टेम्पोवाल्याकडं देतेय.

तुमी पाठवलेला गुळाचा रवा मी खाल्ला न्हाय, रागावू नका. कारखान्यांचं सांडपाणी साफ करायच्या आमच्या टाकीत घाण खाणारे जिवाणू असत्यात. दिवाळीत कारखाने बंद, मग ते खाणार काय? गूळ कालवून घातला. आठ दिवस जगवलं की मी त्यास्नी!

सोमवारी कुणीतरी ॲसिडचं पाणी सोडलं. सगळे मेले. टाकी काळी पडलीय, कुजका वास सुटलाय. शेणकाला घालून नवीन जिवाणू वाढवायला पंधरा दिवस लागतील. साहेब म्हणत्यात, तेवढं थांबता येत न्हाय, उद्या दुपारी पाणी साफ न करता तसंच ओढ्याला सोडायचं. आपलाच ओढा, आबा.

म्हस व्याली का? तिला ओढ्यावर नेऊ नका. आईला म्हणावं, धुणं बी तिथं नको.

वर एक ओळ खोडलीय. ‘कुणाला सांगू नका, माझी नोकरी जाईल’ असं लिवलं हुतं. लई भ्या वाटतंय. तरीबी सकाळी डेअरीवर सगळी जमली की हे पत्र मोठ्यानं वाचा. खालचं नाव बी वाचा.

तुमची लेक,
संयोगिता