यंदा उसवलेली पुस्तकं

तीर्थरूप आत्यास,

हाताला खळ लागलेली आहे, म्हणून लांबूनच साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? (मागच्या खेपेला जिन्यात ते तुझ्यापेक्षा जास्त बोलत होते.) काकांचा खोकला तुझं ऐकायला लागला का? काका ऐकणार नाहीत, ते ठाऊक आहे.

यंदा कोणती पुस्तकं वाचलीस, असं तू विचारलंस आणि त्याच ओळीत माझ्या लग्नाचंही विचारून घेतलंस. पुस्तकांचं सविस्तर कळवतो. दुसरा विषय मात्र आपण कायमचा मिटवू. पंचेचाळिशी उलटलेल्या बाइंडरला कोण पत्करणार, आणि माझं काही अडलेलंही नाही.

तर पुस्तकं. बाइंडरनं पुस्तक वाचू नये, फक्त पानांचे आकडे वाचावेत, असं तुझे बंधुराज, म्हणजे आमचे वडील, सांगायचे. त्यांचं ऐकलं असतं तर पुढचा घोळ झाला नसता. वाचनालयाच्या बाईंनी दोन जुनी पुस्तकं बांधायला पाठवली, एक प्रेमकथा आणि एक गुलाबाच्या लागवडीचं. दोन्ही एकाच मापाची, आणि माझं नशीब असं की छापखानाही एकच. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं असतं. त्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो, आणि फर्मे दोऱ्यानं एकत्र शिवण्याला जुजबंदी. प्रेमकथेत ती फाटकाशी उभी, तो समोरून येतोय, आणि इकडे माझ्या डोळ्यांना धार. (खळीची वाफ गेली असेल.) त्या भरात दोन्ही पुस्तकांच्या शेवटच्या फर्म्यांची अदलाबदल झाली.

म्हणजे असं, की तो येतो, तिचा हात हातात घेतो आणि पान उलटावं तर 'भर उन्हात पाणी घालू नये. सुकलेले शेंडे निर्दयपणे छाटावेत, म्हणजे नवी फूट येते.' तिकडे एका निवृत्त पोस्टमास्तरांचा गुलाब कुंडीत रुजता रुजता कुणाच्या तरी छातीवर डोकं ठेवून रडायला लागला. पोस्टमास्तर लालबुंद होऊन वाचनालयात गेले. (त्यांच्या गुलाबांना जे जमत नव्हतं ते त्यांना जमलं.)

बाई दुकानात आल्या तेव्हा मी कान धरायच्या तयारीतच होतो. पण त्या हसायलाच लागल्या, इतक्या की चष्मा काढून पुसावा लागला. गुलाबाचं त्या पानांची नक्कल लावून दुरुस्त करा, प्रेमकथा राहू द्या, म्हणाल्या, त्या नायकापेक्षा हा सल्ला तिच्या जास्त उपयोगी पडेल. मग विचारलं, तुम्ही बांधता ती पुस्तकं वाचताही का? मी हो म्हटलं, आणि तिथून माझं वाचन वाढलं.

बाई पुस्तक बांधायला आणतात आणि न्यायला आल्या की कसं वाटलं ते विचारतात. समुद्रप्रवासाचं एक मला फार आवडलं, कारण त्यातला खलाशी शेवटी घरी येतो. बाईंना नाही आवडलं, कारण तो फार उशिरा येतो. एका जाडजूड कादंबरीतल्या सासूवरून आम्ही असे भांडलो की शेजारचा घड्याळवाला मध्यस्थीला धावला. (बाई एकट्याच राहतात. मी चौकशी केली नाही, घड्याळवाल्यानं केली.) वाचनालयाचे वाचक फार दांडगे असावेत, पुस्तकं भराभर उसवतात. आपला धंदा बरा चालतो, तेवढंच.

बाकी क्षेम. काकांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. आत्या, वाचक दांडगे नाहीत. वापरून तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजतं. या पुस्तकांचे दोरे ब्लेडनं कापल्यासारखे सरळ असतात, आणि आत एकही पान दुखावलेलं नसतं. इतक्या मायेनं पुस्तक कोण उसवतं, ते मला कळतं गं. मी खूप आनंदात आहे, पण बाई समोर आल्या की खळीचा भाव सांगत बसतो. वर मिटवलेला विषय तेवढा पुन्हा उघड, आणि तूच येऊन त्यांना विचार.

पुन्हा ता. क. गुडघ्यांना समजाव, पण लवकर ये. काल बाई तीच प्रेमकथा बांधायला घेऊन आल्या, माझ्याच हातची. म्हणजे वाचनालयात उसवायला आता पुस्तक उरलेलं नाही. यापुढे पाळी खुर्च्यांच्या गाद्यांची, आणि त्या मला शिवता येत नाहीत.