उन्मेषच्या गांजाची कुंडी बदलली आहे

उन्मेष,

मी रिजायनाला अवंतिकाताईकडे चाललेय. रविवारी येईन. फोन लावायच्या आधी ही चिठ्ठी पूर्ण वाच.

कॅनडात कायद्याने चालतं म्हणून तू हौसेने आणलेलं तुझं गांजाचं झाड मी सकाळी दुसऱ्या कुंडीत लावलं. ओरडू नकोस. तुझ्या त्या निळ्या कुंडीला तळाशी भोकच नव्हतं, मुळं पाण्यात सडायला लागली होती. वर तू त्यात ताक ओतलंस! मी कढीपत्त्याला घालते म्हणून? कढीपत्त्याला चालतं, या महाराणीला नाही. नव्या मातीत परलाइटचे हलके पांढरे खडे भरपूर घातलेत. ती माती दाबून बसवू नकोस, मुळांना हवा लागते. खत इतक्यात अजिबात नको. वरची दोन बोटं माती सुकली की मगच पाणी घाल.

ते तू करशीलच म्हणा. उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, तिच्या मातीत बोट घालून बघतोस. "झोप झाली का गं?" म्हणून विचारतोस. तिला ऊन मिळावं म्हणून माझा कढीपत्ता खिडकीतून उचलून बेसमेंटमध्ये नेऊन ठेवलास. त्याची निम्मी पानं गळली. त्याला मी बरोबर नेतेय.

वरण-भात फ्रिजमध्ये आहे. ताकही आहे, ते तुला, तिला नाही.

मंगळवारपासून मला ताप होता, आज उतरला. रोज तिच्या मातीत बोट घालतोस, तसा एकदा माझ्या कपाळाला हात लावला असतास, तर तुलाही कळलं असतं.

ऊर्मी